गिटार घडवताना गोलाईचं गणित: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिली गिटार बांधायला घेतलेल्या माणसाचा प्रश्न बहुतेक वेळा एकाच जागी अडकलेला असतो: "नकाशात त्रिज्या २८ फूट लिहिली आहे आणि माझी खोली दहा बाय बारा." अशा प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. स्टीलच्या तारांची, सपाट पद्धतीची (फ्लॅट-टॉप) अकूस्टिक गिटार गृहीत धरली आहे; सपाट हे नावापुरतं, तिची पुढची फळी म्हणजे 'टॉप' किंचित फुगीरच असतो. जिथे इलेक्ट्रिक किंवा क्लासिकल वेगळी पडते तिथे तसं सांगितलं आहे. मापं मिलिमीटरमध्ये आहेत (पुढे 'मिमी').

१. टॉपची त्रिज्या २८ फूट म्हणजे काय? एवढा कंपास आणायचा कुठून?

कंपास लागतच नाही. २८ फूट त्रिज्येचा एक अजस्र चेंडू डोळ्यासमोर आणा आणि त्याच्या सालीचा गिटारएवढा तुकडा कापला असं समजा. तो तुकडा म्हणजे तुमचा टॉप. चेंडू मोजायची गरज नाही, तुकडा किती फुगलाय तेवढं मोजायचं. गिटारच्या सर्वांत रुंद भागाची रुंदी ३९४ मिमी धरली, तर २८ फुटांच्या गोलाईत मधला फुगवटा भरतो जेमतेम २.३ मिमी. सुताराच्या भाषेत पाऊण सूत. २८ फूट कारखान्यात कुणीच मोजत नाही. सव्वादोन मिमी मात्र स्टीलची पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पत्र्यांचा संच) घेऊन कोणीही मोजतं.

२. मग सूत्र कोणतं? शाळेचं गणित विसरलोय.

दोनच शब्द आठवा. दोन टोकांना जोडणारी सरळ रेघ म्हणजे जीवा. जीवेच्या मध्यापासून कंसाच्या माथ्यापर्यंतची उंची म्हणजे शर. धनुष्य ताणलंय असं समजा: दोरी ती जीवा, बाण तो शर.

शर = (जीवा × जीवा) ÷ (८ × त्रिज्या)

उलटं जायचं असेल, म्हणजे वस्तू हातात आहे आणि त्रिज्या हवी आहे, तर:

त्रिज्या = (जीवा × जीवा) ÷ (८ × शर) + (शर ÷ २)

पाठीची गोलाई साधारण १५ फूट ठेवतात, म्हणजे ४५७२ मिमी. जीवा ३९४ असेल तर १५५२३६ ला ३६५७६ ने भागायचं; शर आला ४.२ मिमी.

पहिलं सूत्र अंदाजी आहे, दुसरं अचूक. शर अचूक हवा असेल तर व्यासाच्या वर्गातून जीवेचा वर्ग वजा करा, वर्गमूळ काढा, ते व्यासातून वजा करा आणि उरलेल्याचं निम्मं घ्या. ही रीत भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) जवळपास याच शब्दांत आहे, 'शर' या नावासकट. चाळीसगावजवळच्या पाटण्याला त्यांच्या नातवाचा शिलालेख आहे, तेव्हा हे गणित परदेशी नकाशातून आलंय असं वाटून बिचकू नका.

३. अंदाजी सूत्र कधी फसवतं?

गोलाई खोल असेल तेव्हा. टॉप, पाठ आणि फ्रेटबोर्ड (मानेवरची, बोटांखालची फळी) यांत फरक शंभराव्या भागात राहतो, तिकडे दुर्लक्ष करा. पण कमरेच्या वळणात ६० मिमी त्रिज्या आणि ८० मिमी जीवा घेतली, तर अंदाजी शर १३.३ येतो आणि खरा १५.३. दोन मिमीनं साचा चुकला की साइड (बाजूची वाकवलेली पट्टी) साच्यात बसत नाही. माझा साधा नियम: शर जीवेच्या विसाव्या भागापेक्षा मोठा दिसला की अचूक रीत वापरायची.

४. फूट, इंच, मिमी यांत गोंधळ होतो. काय काळजी घ्यावी?

टॉप-पाठीच्या त्रिज्या फुटांत लिहितात, फ्रेटबोर्डच्या इंचांत आणि व्हर्निअर मिमीत बोलतो. सगळं आधी मिमीत आणा: फूट गुणिले ३०४.८, इंच गुणिले २५.४. मगच गणित.

त्यापेक्षा मोठा धोका त्रिज्या आणि व्यास यांचा. मी एकदा पाठीची डिश (फळीला गोलाई देण्यासाठी वापरतात तो खोलगट साचा) कापायला दिली आणि चिठ्ठीवर नुसतं "१५ फूट गोलाई" लिहिलं. समोरच्यानं तो व्यास धरला. डिश सुंदर कापून आली, पण शर ४.२ ऐवजी साडेआठ. मला ते कळलं पाठीच्या पट्ट्या चिकटवून झाल्यावर. चूक चिठ्ठीची, म्हणजे माझी. तेव्हापासून मी त्रिज्या लिहीतच नाही, "३९४ जीवेवर ४.२ शर" असं लिहून देतो. यात गैरसमजाला जागा नाही.

५. तीन खिळे ठोकून लवचिक पट्टी वाकवली तर कंस बरोबर येईल का?

येतो, पण वर्तुळाचा नाही. मध्ये एकाच ठिकाणी रेटलेली पट्टी माथ्याशी जास्त वाकते आणि टोकांशी जवळपास सरळ राहते. तपासायची युक्ती आपल्या भाषेतच आहे: जीवेच्या पाव अंतरावर कंसाची उंची मधल्या शराच्या पाऊणपट हवी. मध्ये ४ मिमी तर तिथे ३. खिळ्यांवर वाकवलेल्या पट्टीत ती २.७५ भरते. पाव मिमी म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण पाठीच्या लांबीच्या दिशेनं, ५०८ जीवेवर ७ मिमी शर असताना, तोच फरक ०.४४ होतो आणि डिशमध्ये घासताना साइडची कड एका जागी टेकते, दुसऱ्या जागी तरंगते.

उपाय सोपा. तीनऐवजी पाच खिळे घ्या. पाव आणि पाऊण अंतरावरचे खिळे पाऊणपट उंचीला ठोका. अजून बारकाई हवी असेल तर एक-अष्टमांश अंतरावर उंची शराच्या ७/१६ असते.

६. गोल डिश घरी बनवता येते का?

येते. ६०० मिमी व्यासाची एमडीएफची चकती मध्यावर खिळ्यावर फिरती ठेवायची. वर दोन समांतर रुळ, त्यांची कड प्र. ५ प्रमाणे कंसात कापलेली. त्यावरून राउटर आडवा न्यायचा आणि प्रत्येक फेरीला चकती थोडी फिरवायची. १५ फुटांच्या डिशला मध्ये ९.८ मिमी खोली लागते, २८ फुटांच्या डिशला ५.३. म्हणून १८ मिमी एमडीएफ घ्या, १२ मिमीत पाठीची डिश मध्ये कागदासारखी होते.

"राउटरचं टोक रुळाच्या खाली असतं, मग त्रिज्या बदलणार नाही का?" हे बरेच जण विचारतात. बदलते, त्या पाच-दहा सेंटिमीटरनं. साडेचार मीटरमध्ये दहा सेंटिमीटर गेले तर ३९४ जीवेवर शर ०.१ मिमीनेही हलत नाही. सोडून द्या.

७. फ्रेटबोर्डला कोणती गोलाई ठेवू?

जुन्या फेंडरची ७.२५ इंच (१८४ मिमी), नव्या फेंडरची बहुधा ९.५ (२४१), गिब्सनची १२ (३०५), मार्टिनची १६ (४०६). क्लासिकलचा बोर्ड परंपरेनं सपाट. आकडा लहान तितका बोर्ड गोल.

नटपाशी (मानेच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) बोर्ड ४३ मिमी रुंद धरला तर शर अनुक्रमे १.२६, ०.९६, ०.७६ आणि ०.५७ मिमी. म्हणजे दोन टोकांच्या पद्धतींत फरक ०.७ मिमीचा. तेवढ्यावर लोक तासन्‌तास वाद घालतात आणि गंमत म्हणजे बोटांना तो फरक खरंच कळतो. बॅरे कॉर्ड (एक बोट आडवं ठेवून अनेक तारा दाबायच्या) जास्त वाजवणाऱ्याला गोल बोर्ड हाताला बरा वाटतो, तार ओढून सूर चढवणाऱ्याला सपाट (का, ते प्र. ९ मध्ये). पहिल्या अकूस्टिकला मी १६ इंच सुचवतो, कारण घासताना हात चुकला तरी सपाट बोर्ड सांभाळून घेतो.

८. दुसऱ्याच्या गिटारची गोलाई तारा न काढता कशी मोजायची?

तारांखालून घालायचे कंसाचे गेज मिळतात. पुठ्ठ्याचे घरी कापले तरी चालतात. मोजून काढायची असेल तर शेवटच्या फ्रेटच्या (बोर्डवरची धातूची आडवी पट्टी) पुढे उघडा बोर्ड असतो तिथे मोजा, नटपाशी नको. ५७ मिमीवर १२ इंचांचा शर १.३३ आणि १६ इंचांचा १.०० येतो, नटपाशी हा फरक ०.१९ वर येतो आणि व्हर्निअर धरताना हात हलला तरी उत्तर बदलतं. त्रिज्येचं सूत्र प्र. २ मधलं दुसरं.

९. वरच्या फ्रेटवर तार ओढली की सूर मरतो. गोलाई कारणीभूत आहे का?

असू शकते. सर्वांत पातळ तार (E, म्हणजे 'मी') १५व्या फ्रेटवर १२ मिमी आत ओढली की ती बोर्डच्या कडेपासून माथ्याकडे चढते. सॅडलचं (बॉडीवर तारा टेकतात ती पट्टी) टोक मात्र कडेलाच राहतं. दंडगोलावर अशी तिरकी रेघ मारली की रेघेखाली उंचवटा येतो. १८४ मिमी त्रिज्येत १६व्या फ्रेटपाशी तो सुमारे ०.०४ मिमी भरतो. तिथे तार आणि फ्रेटमध्ये जागाच ०.१७ मिमीच्या आसपास असते, म्हणजे पाचवा हिस्सा गेला. ४०६ त्रिज्येत याच्या निम्म्याहून कमी जातो. आणखी ओढली तर नुकसान वर्गाच्या हिशेबानं वाढतं.

पण आधी गोलाईला दोष देऊ नका. एखादा फ्रेट वर आलेला असेल तर ०.०४ चा हिशेब करत बसणं फुकट आहे. छोटी सरळ पट्टी तीन-तीन फ्रेटवर ठेवून डुगडुगते का पाहा.

१०. कंपाउंड रेडियस म्हणजे काय आणि आकडे कसे काढायचे?

नटपाशी गोल आणि बॉडीकडे सपाट होत जाणारा बोर्ड. नळीऐवजी शंकूचा तुकडा. प्र. ९ मधल्या दंडगोलाचा दोष असा, की तारा नटपासून सॅडलकडे पसरत जातात, त्या दंडगोलाच्या अक्षाला समांतर नसतात. शंकूवर मात्र पसरत जाणारी प्रत्येक तार अगदी सरळ रेघेवर बसते.

नियम एकच: त्रिज्या तारांच्या पसाऱ्याच्या प्रमाणात वाढली पाहिजे. नटपाशी पहिल्या ते सहाव्या तारेचं अंतर ३६ मिमी आणि सॅडलपाशी ५४ असेल, तर त्रिज्या दीडपट व्हायला हवी. नटपाशी १० इंच (२५४) ठेवली तर सॅडलपाशी १५ (३८१). मधल्या जागी अंतराच्या हिशेबानं: १२वा फ्रेट बरोबर अर्ध्यावर, म्हणून १२.५ इंच. ६५० मिमी स्केलवर २०वा फ्रेट नटपासून ६८.५ टक्के अंतरावर येतो. १२७ चे ६८.५ टक्के ८७, अधिक २५४, म्हणजे ३४१ मिमी, सुमारे साडेतेरा इंच.

बाजारात १० ते १६ इंच असे बोर्ड मिळतात. यातला १६ कुठला, हे विकणाऱ्याला जरूर विचारा. बोर्डच्या टोकाशी १६ असेल तर सॅडलपाशी त्याहून जास्त लागेल.

घासताना कंसाचा ठोकळा वापरायचा नाही. आधी दोन्ही टोकांना कंस आखा, मग सरळ, लांब पट्टीला पॉलिश पेपर लावून तारेच्या रेघेवरूनच घासा, बोर्डच्या मध्यरेषेला समांतर नको. पेन्सिलीनं सहाही तारा बोर्डवर आखून घ्या. खुणा सगळीकडे सारख्या पुसल्या गेल्या की झालं.

११. बोर्ड सगळीकडे सहा मिमी घेतला होता, पण बॉडीकडे कड बारीक का दिसते?

कारण तिकडे बोर्ड रुंद आहे. त्रिज्या तीच आणि जीवा वाढली की शर वाढतो. १२ इंचांत नटपाशी कड ५.२४ मिमी उरते, ५७ मिमी रुंदीवर ४.६७. प्र. १० मधल्या शंकूत हेच आकडे ५.०९ आणि ४.८१ येतात, म्हणजे फरक निम्म्यावर. चुकलं काहीच नाही, बाइंडिंग (कडेची शोभेची पट्टी) लावताना तेवढं लक्षात ठेवा.

१२. फ्रेट वायर बोर्डच्याच त्रिज्येत वाकवायची ना?

नाही, थोडी जास्त वाकवा. ३०५ च्या बोर्डला साधारण २५० मिमी. टोकं आधी टेकतात, मग मधे ठोकलं की वायर पसरून खाचेत घट्ट बसते. बोर्डएवढीच वाकवली तर महिन्याभरानं टोकं उचलतात आणि शर्टाच्या बाहीत अडकतात.

१३. सॅडलचा माथा बोर्डच्याच गोलाईत घासू का?

साध्या दंडगोल बोर्डला हो, पण जाड तारांकडे उंच. १२व्या फ्रेटवर जाड तारेखाली २.४ आणि पातळ तारेखाली १.७ मिमी जागा हवी असेल, तर सॅडलवर हा ०.७ चा फरक दुप्पट, म्हणजे १.४ मिमी होतो, कारण १२वा फ्रेट तारेच्या मध्यावर आहे. म्हणून कंस तोच ठेवा आणि सगळाच कलता करा. शंकूच्या बोर्डला सॅडलची त्रिज्या प्र. १० मधली, शेवटच्या फ्रेटची नव्हे.

१४. मानेला जो हलका बाक ठेवतात, त्याची त्रिज्या किती?

४५० मिमीवर ०.२ मिमी. सूत्रात घातलं तर सुमारे १२६ मीटर! हा आकडा कुठेही उपयोगी पडत नाही, पण ०.२ मिमी किती नाजूक गोष्ट आहे ते त्यातून कळतं. तो बाक तारांचा ताण आणि ट्रस रॉड (मानेच्या आतली सळई) मिळून ठरवतात, तुमचा कंपास नाही.

१५. पाठ फुगीर, मग साइडची कड सरळ कापायची की नागमोडी?

नागमोडी. पहिल्या गिटारवाल्यांना सगळ्यात जास्त दचकवणारी गोष्ट हीच. घुमटाच्या माथ्यापासून कडेवरची जागा जितकी लांब, तितकी ती खाली उतरते. उतार = (अंतर × अंतर) ÷ (२ × त्रिज्या). १५ फुटांत २५० मिमी दूर असलेलं शेपटाचं टोक ६.८ मिमी उतरतं; १२५ मिमीवरची कंबर फक्त १.७. म्हणून कमरेपाशी साइड पाच मिमी जास्त रुंद हवी. मानेकडे बॉडीची जाडी कमी करत जाता, तो उतार यात वेगळा मिळवायचा.

एवढं गणित करून दहा ठिकाणी खुणा करा, दोन मिमी जास्त ठेवून कापा आणि उरलेलं डिशवर सोडा. डिशला खडू फासायचा, साच्यातली साइड त्यात फिरवायची. खडू जिथे लागतो तिथे उंच. सगळ्या कडेला खडू लागला की थांबायचं.

१६. साइड वाकवताना कमरेपाशी तडकते. किती लहान त्रिज्या चालते?

वाकवलेल्या पट्टीची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दबते. हा ताण = जाडी ÷ (२ × त्रिज्या). २ मिमी साइड ८५ मिमीच्या कमरेत (जीवा ८०, शर १०) १.२ टक्के ताणते. कटअवेच्या (मानेशेजारी बॉडीला दिलेली खाच) ३५ मिमीच्या वळणात २.९ टक्के. तेवढीच पट्टी १.६ मिमी केली तर २.३. उष्णतेनं लाकूड मऊ होतं तेव्हाच हे जमतं, म्हणून पाइपवर पाण्याचा थेंब नाचायला हवा, नुसती वाफ येऊन भागत नाही. शिसवी बऱ्यापैकी ऐकतं. आडव्यातिडव्या रेषांचं, दिसायला देखणं लाकूड सगळ्यात आधी दगा देतं.

१७. पावसाळ्यात २८ फूट मोजलेला टॉप एप्रिलमध्ये जवळजवळ सपाट झाला. गणित चुकलं का?

गणित बरोबर, ऋतू चुकला. कंसाची लांबी आणि जीवा यांतला फरक काढला ((८ × शर × शर) ÷ (३ × जीवा)) तर ३९४ मिमीवर तो अवघा ०.०३५ मिमी येतो. इतक्या जादा लांबीवर तुमचा सव्वादोन मिमी घुमट उभा आहे. स्प्रूसची (टॉपचं लाकूड) तेवढीच रुंद फळी, आत एक टक्का ओलावा वाढला वा घटला की आडवी सुमारे अर्धा मिमी हलायला बघते. आतून चिकटवलेल्या आधाराच्या पट्ट्या म्हणजे ब्रेसेस; त्यांचे धागे त्यांच्या स्वतःच्या लांबीच्या दिशेनं असतात, म्हणून त्या हलत नाहीत. फुगलेल्या फळीला पावसाळ्यात ब्रेस चिकटवली की उन्हाळ्यात फळी आकसते, घुमट बसतो, कधी चीर जाते.

ब्रेस चिकटवायचं काम ४५ ते ५० टक्के आर्द्रतेत करा. कोकणात जुलैत हे बंद खोली आणि डीह्युमिडिफायरशिवाय होत नाही. पुण्यात दिवाळीनंतर काही आठवडे निसर्गच सोय करतो. भिंतीवर शे-दोनशेचा आर्द्रतामापक लावण्याआधी डिश विकत घेऊ नका.

१८. क्लासिकल आणि आर्चटॉपला हेच सगळं लागू आहे का?

क्लासिकलच्या टॉपला घुमट असतो (एकोणिसाव्या शतकात आन्तोनिओ दे तोर्रेसनं ती रीत पक्की केली), पण तो बहुधा खालच्या अर्ध्या भागातच. वरचा भाग सपाट. म्हणून पूर्ण गोल डिश नाही, तर तसा पोकळ केलेला पाट लागतो. आर्चटॉप कोरून काढतात. त्याचा छेद मध्ये फुगीर आणि कडेला उलटा वळतो, तिथे एका त्रिज्येचं सूत्र निकामी.

१९. आमच्याकडे मिरजेची सतार आहे. घोडीवरची जवारी या सूत्रानं घासता येईल का?

नाही. जवारीचा माथा दिसतो गोल, पण तो वर्तुळाचा तुकडा नव्हे. तार कंप पावताना घोडीला पुढेमागे टेकत-सुटत राहते आणि तो झंकार त्यातून येतो. उतार केसभर बदलला की आवाज उघडतो किंवा बंद होतो. गिटारच्या सॅडलला उलट हवं असतं, तारेनं एका धारेवरून स्वच्छ सुटायचं. मिरजेचे कारागीर दोन फटके कानस मारतात, तार चढवतात, ऐकतात, पुन्हा उतरवतात. तुमची सतार त्यांच्याकडेच न्या, आणि ते काम करत असताना शेजारी बसायला मिळालं तर बसा.